युरोपातले संगणकशास्त्राचे विभागप्रमुख एकत्र येऊन नेमकं करतात काय?

महाराष्ट्रातल्या एका विद्यापीठात संगणकशास्त्राचे विभागप्रमुख असलेल्या एका सरांनी विचारलं आहे: युरोपातले विभागप्रमुख देशांच्या सीमा ओलांडून एकत्र काम करतात असं ऐकतो. संशोधन-प्रकल्प आणि विद्यार्थ्यांची देवाणघेवाण यापलीकडे ते काही करतात का? त्यातलं आपल्याकडे करण्याजोगं काय आहे?

सर, संशोधनासाठी विभागप्रमुखांनी एकत्र यावं लागत नाही. फ्रान्समधल्या ग्रेनोबलची एक संशोधक आणि ऑस्ट्रियातल्या ग्राझचा एक संशोधक परिषदेत भेटतात, जमतं, पेपर लिहायला घेतात. त्यांच्या प्रमुखांना ते बऱ्याचदा पेपर छापून आल्यावर कळतं. प्रमुख एकत्र येतात ते दुसऱ्याच कारणासाठी. आपल्या विद्यापीठात आणि आपल्या मंत्रालयासमोर प्रत्येक जण एकटा पडतो. कुलगुरू पदार्थविज्ञानातले असतात, डीन यांत्रिकीचे, निवड समितीवर रसायनशास्त्राचे प्राध्यापक. काम मोजायची त्यांची पट्टी वेगळी. तिथे एकट्याने "आमच्या विषयात असं नसतं" म्हटलं की ती सबब वाटते. तीस देशांतले विभाग तेच लेखी म्हणतात, तेव्हा ती विषयाची रीत ठरते. मी जर्मनीत बरीच वर्षं शिकवतो, विभागाची धुरा सांभाळली आहे, आणि या गाठीभेटींचा मला झालेला सगळ्यांत मोठा उपयोग हाच: आपल्या घरच्या भांडणात बाहेरचा भक्कम पुरावा.

थोडी पार्श्वभूमी. २००५ मध्ये ईटीएच झुरिक आणि लोझानची ईपीएफएल या दोन स्विस संस्थांनी पुढाकार घेऊन युरोपभरच्या विभागप्रमुखांना झुरिकला बोलावलं. त्यातून पुढच्याच वर्षी 'इन्फॉर्मॅटिक्स युरोप' ही संघटना उभी राहिली. पहिले अध्यक्ष ईटीएचचे बर्ट्रांड मेयर. अमेरिकेत असं काम कितीतरी आधी सुरू झालं होतं. तिथल्या 'कम्प्युटिंग रिसर्च असोसिएशन'च्या छताखाली विभागप्रमुख दर दोन वर्षांनी युटामधल्या स्नोबर्डला जमतात, आणि १९७४ पासून 'टॉल्बी सर्व्हे' नावाची पाहणी दरवर्षी निघते: किती पीएचडी झाल्या, किती पदं भरली, पगार किती. युरोपात असं काहीच नव्हतं. देशपातळीवरच्या संघटना होत्या आणि आहेत, जर्मनीत विद्याशाखांचा 'फाकुल्टेटनटाग', ब्रिटनमध्ये प्राध्यापक आणि प्रमुखांची 'सीपीएचसी', इटलीत 'ग्रिन'. पण म्युनिकच्या प्रमुखाला मिलानमध्ये काय चाललंय हे कळायची सोय म्हणजे ओळखीपाळखी.

या संघटनेचं सदस्यत्व विभागांचं आणि संशोधन संस्थांचं असतं, सरकारांचं नसतं. वर्षातून एकदा शिखर परिषद भरते, रोममध्ये २०१९ साली भरली, एडिंबरात २०२३ साली. तिच्याच जोडीने प्रमुख आणि डीन यांच्यापुरती वेगळी कार्यशाळा असते. माझ्या मते खरं काम त्या कार्यशाळेत होतं, कारण तिथे लोक आपले प्रश्न सोज्वळ करून मांडत नाहीत. जागा भरता येत नाहीत, मशीन लर्निंगच्या तरुण प्राध्यापकाला कंपनी दुप्पट पगार देते, पहिल्या वर्षाच्या वर्गात बसायला जागा नाही, हे सगळं टेबलावर येतं.

आता मूल्यमापनाकडे येतो, कारण तुमच्या प्रश्नाचं खरं मर्म तिथे आहे.

संगणकशास्त्रात उत्तम काम परिषदेत आधी येतं. आयसीएसई (सॉफ्टवेअर अभियांत्रिकी), पीओपीएल (प्रोग्रामिंग भाषा), न्यूरिप्स (मशीन लर्निंग), सिगमॉड (डेटाबेस) या परिषदांत पूर्ण पेपर तीन-चार परीक्षक वाचतात आणि बहुतेक पेपर नाकारले जातात. अनेकदा तिथली चाळणी चांगल्या जर्नलपेक्षा बारीक असते. इतर विज्ञानशाखांत मात्र परिषद म्हणजे सारांश वाचायची जागा, आणि खरं प्रकाशन जर्नलमध्ये. विद्यापीठाचं मूल्यमापन करणारं कार्यालय त्या बहुसंख्यांच्या हिशोबाने नियम करतं. परिणाम असा की आयसीएसईमध्ये पेपर छापणारी तरुण संशोधक कागदोपत्री शून्य ठरते आणि कुठल्यातरी दुय्यम जर्नलमध्ये चार लेख टाकणारा पुढे जातो.

यावर स्वित्झर्लंड, फ्रान्स, डेन्मार्क आणि नेदरलँड्स या चार देशांतल्या चौघांनी मिळून २००८ मध्ये इन्फॉर्मॅटिक्स युरोपसाठी अहवाल लिहिला. त्याचा गाभा पुढच्या वर्षी 'एसीएम' या संगणकशास्त्रज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या मासिकातही आला. म्हणणं स्वच्छ होतं. निवडक परिषदांतलं प्रकाशन जर्नलच्या तोडीचं धरा. सॉफ्टवेअर हेही संशोधनाचं फलित आहे, त्याची दखल घ्या. लेखकांच्या नावांच्या क्रमावरून कुणाचा वाटा किती हे ठरवू नका. नुसत्या पेपरांच्या संख्येला गुणवत्ता समजू नका. आणि कुठल्या पेपरचा संदर्भ किती जणांनी दिला हे मोजणाऱ्या ज्या उद्धरण-यादीत आमच्या परिषदाच नीट येत नाहीत, तिच्या आकड्यांवर आमचं मूल्यमापन करू नका. आकडे वापरायचेच तर त्या विषयातल्या माणसांच्या वाचनाला पूरक म्हणून, त्या वाचनाऐवजी कधीच नाही. जर्नलच्या इम्पॅक्ट फॅक्टरविरुद्धचा, म्हणजे त्यातल्या लेखांना सरासरी किती उद्धरणं मिळतात त्या आकड्याविरुद्धचा सॅन फ्रान्सिस्को जाहीरनामा, ज्याला आता सगळे 'डोरा' म्हणतात, त्याची सुरुवात २०१२ ची आणि ती जीवशास्त्रज्ञांनी केलेली. संगणकशास्त्राचे विभागप्रमुख त्याच्या चार वर्षं आधी आपल्यापुरतं हे लिहून मोकळे झाले होते, याचं मला आजही कौतुक वाटतं. युरोपात २०२२ मध्ये मूल्यमापन सुधारण्याचा जो व्यापक करार झाला, त्यातही संख्येपेक्षा वाचनाला महत्त्व देणारी हीच भूमिका आहे.

हा अहवाल प्रत्यक्षात कसा चालतो? बढतीच्या फाइलला तो जोडला जातो. समितीत प्रश्न येतो, "जर्नल पेपर फक्त दोनच?" तेव्हा प्रमुख स्वतःचं मत सांगत बसत नाही, कागद पुढे सरकवतो. आमच्याकडे एका नेमणुकीच्या वेळी बाहेरच्या विषयांतल्या सदस्यांनी तो खरोखर वाचला आणि चर्चेचा रोखच बदलला. उमेदवाराने किती पेपर छापले यावरून बोलणं हललं आणि तिने लिहिलेला कंपायलर (प्रोग्रामचं यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारं सॉफ्टवेअर) कोण कोण वापरतं यावर आलं.

इटलीची गोष्ट आणखी सांगण्यासारखी. तिथे प्राध्यापक व्हायला आधी राष्ट्रीय पात्रता मिळवावी लागते आणि विज्ञान-अभियांत्रिकीला त्यात आकड्यांचे उंबरठे आहेत: जर्नल लेख किती, उद्धरणं किती, पेपर आणि उद्धरणं मिळून काढलेला एच-इंडेक्स किती. नियम बदलणं विभागांच्या हातात नव्हतं. मग संगणकशास्त्राच्या प्राध्यापकांची 'ग्रिन', संगणक अभियांत्रिकीवाल्यांची 'जीआयआय' आणि स्पेनची 'एससीआयई' अशा तिघांनी मिळून परिषदांची एक श्रेणीवारी तयार केली. ऑस्ट्रेलियाची 'कोअर' यादी आणि उद्धरणांवर आधारलेले आणखी दोन स्रोत एकत्र करून प्रत्येक परिषदेला वर्ग दिला. तिच्यात दोष आहेतच. छोट्या उपविषयांवर ती अन्याय करते, आणि तिच्या मुळाशी असलेली 'मायक्रोसॉफ्ट अकॅडेमिक' ही सेवा २०२१ च्या अखेरीस बंदच झाली. शिवाय यादी आली की लोक यादीसाठी लिहू लागतात. तरीसुद्धा ज्या समितीला परिषद म्हणजे सहल वाटत होती, तिच्यासमोर दोन देशांनी मान्य केलेला कागद आला. काहीच नसण्यापेक्षा ते शंभरपट बरं.

तुमच्याकडे हा प्रश्न आणखी धारदार आहे. यूजीसीच्या २०१८ च्या नियमावलीतल्या गुणतक्त्यात विज्ञान-अभियांत्रिकीच्या जर्नल लेखाला ८ गुण आहेत, वर इम्पॅक्ट फॅक्टरचे वाढीव. परिषदेच्या इतिवृत्तातला पूर्ण पेपर मात्र व्याख्यान आणि सादरीकरण यांच्याच ओळीत बसवला आहे: परदेशात आंतरराष्ट्रीय असेल तर ७, देशात आंतरराष्ट्रीय असेल तर ५, राष्ट्रीय ३, राज्य पातळी २. म्हणजे परिषद कुठल्या दर्जाची यापेक्षा ती कुठे भरली यावर गुण. लिस्बनमधली कुठलीही सुमार परिषद आणि जगातली अव्वल परिषद एकाच रकान्यात, आणि तीच अव्वल परिषद एखाद्या वर्षी हैदराबादला भरली तर दोन गुण कमी. संगणकशास्त्र शिकवणाऱ्या प्रत्येक प्रमुखाला हे ठाऊक आहे. पण महाराष्ट्रातल्या दहा-बारा विद्यापीठांच्या प्रमुखांनी सह्या करून चार पानांचं टिपण काढलेलं मी पाहिलेलं नाही. ते काढा. त्याला पैसा लागत नाही.

दुसरं मोठं काम आकड्यांचं, आणि ते वाटतं त्याच्या कितीतरी पट अवघड आहे. २०१३ पासून इन्फॉर्मॅटिक्स युरोप विद्यार्थी, पदव्या, पदं आणि पगार यांची देशवार माहिती काढत आलं आहे. पहिलाच अडथळा: संगणकशास्त्राचा विद्यार्थी म्हणायचं कुणाला? जर्मनीत 'इन्फॉर्माटिक'च्या खाली व्यवसाय-संगणकशास्त्र आणि माध्यम-संगणकशास्त्रही मोजतात, आणि विद्यापीठांबरोबर उपयोजित विज्ञानाच्या उच्चशिक्षण संस्थाही असतात. अभ्यासक्रमांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात संगणकाचा नुसता वापर शिकवणारे अभ्यासक्रम ०६११ या गटात, डेटाबेस आणि नेटवर्क ०६१२ मध्ये, सॉफ्टवेअर ०६१३ मध्ये. मग कृत्रिम बुद्धिमत्तेची नवी पदवी कुठे टाकायची, हे प्रत्येक देशाचा सांख्यिकी विभाग आपल्या मनाने ठरवतो.

त्याहून अवघड पीएचडीचं. नेदरलँड्समध्ये पीएचडी करणारा हा विद्यापीठाचा पगारी नोकर. जर्मनीतही बहुतेक जण विभागाचे कर्मचारी असतात, शिकवतात, पगार घेतात. ब्रिटनमध्ये तो विद्यार्थी, त्याची फी भरावी लागते. आता एका प्राध्यापकामागे किती विद्यार्थी हा साधा भागाकार करून बघा: एका देशात पीएचडीवाले वर अंशात जातात, दुसऱ्यात खाली छेदात. असे आकडे शेजारी ठेवून वृत्तपत्रात मथळे होतात, आणि मग मंत्री विचारतात की शेजारच्या देशाला इतक्या कमी शिक्षकांत कसं जमतं. एकत्र बसून व्याख्या ठरवणं हे कंटाळवाणं काम आहे आणि मला ते सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. पगाराची तुलना हाती असली की प्रमुख प्रशासनाला सांगू शकतो की या पदासाठी आपण नेमके कुठे मागे आहोत. नुसतं "माणसं मिळत नाहीत" म्हणून काही हलत नाही.

विद्यार्थ्यांच्या देवाणघेवाणीचं आणि संयुक्त पदव्यांचं बाहेरून फार कौतुक होतं, म्हणून आतली बाजू सांगतो. युरोपीय शिक्षणमंत्र्यांच्या १९९९ च्या बोलोन्या जाहीरनाम्यानंतर पदव्यांचा सांगाडा जुळला: वर्षाला ६० क्रेडिट, एका क्रेडिटमागे विद्यार्थ्याची २५ ते ३० तासांची मेहनत. कागदावर सगळं समान. पण जर्मनीत हिवाळी सत्राची व्याख्यानं ऑक्टोबरच्या मध्याला सुरू होऊन फेब्रुवारीत संपतात, परीक्षा त्यानंतर. नेदरलँड्समध्ये दुसरं सत्र फेब्रुवारीच्या सुरुवातीलाच चालू झालेलं असतं. म्हणजे पहिलं सत्र इथे आणि दुसरं तिथे असं ठरवलेल्या मुलीने परीक्षा द्यायची की वर्गात बसायचं? हा पेच कुठल्याही करारनाम्याने सुटत नाही. दोन प्रमुख फोनवर बोलतात, एक जण चार परीक्षा लवकर घ्यायची व्यवस्था करतो, दुसरा पहिल्या दोन आठवड्यांची व्याख्यानं ध्वनिमुद्रित करून देतो. पंधरा मिनिटांत सुटतं, पण त्यासाठी आधीची ओळख लागते.

गुणांचं तर विचारूच नका. जर्मनीत १.० सर्वोत्तम आणि ५.० म्हणजे नापास. स्वित्झर्लंडमध्ये ६ सर्वोत्तम, ४ ला पास, ५.५ म्हणजे फार हुशार. इटलीत ३० पैकी, १८ ला पास. फ्रान्समध्ये २० पैकी, १० ला पास, आणि १६ मिळाले तर घरी पेढे वाटावेत. डेन्मार्कमध्ये १२ पासून खाली उणे ३ पर्यंत. सूत्राने रूपांतर केलं की अन्याय होतो, कारण फ्रान्समध्ये १८ जवळजवळ कुणालाच देत नाहीत. म्हणून २०१५ च्या युरोपीय क्रेडिट मार्गदर्शिकेने सांगितलं की प्रत्येक विभागाने कुठला गुण किती टक्के मुलांना मिळाला याचा तक्ता द्यावा आणि त्यावरून जागा ठरवावी. हा तक्ता बनवणं विभागाच्याच हातात असतं. ज्या प्रमुखांची एकमेकांशी ओळख आहे त्यांच्यात तो चालतो, बाकीचे अजून सूत्रच वापरतात.

त्या सूत्राचा फटका आपल्या मुलांना बसतो, म्हणून जरा खोलात जातो. जर्मनीतल्या परदेशी विद्यार्थ्यांत २०२२-२३ पासून भारतीयांची संख्या सर्वाधिक आहे आणि महाराष्ट्रातली पुष्कळ मुलं संगणकशास्त्राच्या मास्टर्ससाठी अर्ज करतात. त्यांचे गुण बहुतेक ठिकाणी तथाकथित बव्हेरियन सूत्राने बदलतात: सर्वोच्च गुणातून मिळालेले गुण वजा करा, त्याला सर्वोच्च आणि किमान उत्तीर्ण गुणांच्या फरकाने भागा, तीनने गुणा, एक मिळवा. १० पैकी सीजीपीए ७ असलेली मुलगी घ्या. गुणपत्रिकेवर किमान उत्तीर्ण श्रेणी ४ असेल तर तिचा जर्मन गुण २.५ येतो. किमान ५ असेल तर २.८. प्रवेशाची रेषा २.५ वर असलेल्या ठिकाणी त्याच गुणांची एक आत, दुसरी बाहेर. आणि गुणपत्रिकेवर किमान उत्तीर्ण श्रेणी छापलेलीच नसेल तर इथला कारकून त्याला वाटेल तो आकडा धरतो.

बाकी कामं थोडक्यात. स्त्रियांचं प्रमाण वाढवण्यासाठी २०१६ पासून 'मिनर्व्हा' नावाचा पुरस्कार विभागांना दिला जातो. त्यात विभागाने काय केलं आणि फरक पडला का, दोन्ही दाखवावं लागतं. नॉर्वेच्या त्रोंडहाइममधला मुलींसाठीचा 'आदा' प्रकल्प १९९७ पासून चालू आहे आणि त्याच्याकडून अनेकांनी उचललं. नेदरलँड्समधल्या आइंडहोवनच्या तंत्रविद्यापीठाने २०१९ मध्ये कायम पदं पहिले सहा महिने फक्त स्त्रियांसाठी खुली ठेवली. तिथल्या मानवाधिकार संस्थेने पुढच्या वर्षी ते नियमात बसत नाही असं सांगितल्यावर योजना बदलून पुन्हा आणली. असा अनुभव शेजाऱ्याकडून आयता मिळणं किती मोलाचं, हे अशी योजना आखायला बसलेल्या प्रमुखालाच कळतं. शाळेत संगणकशास्त्र हा स्वतंत्र विषय असावा यासाठी २०१८ पासून एसीएमच्या युरोपीय मंडळाबरोबर आणि इतरांबरोबर इन्फॉर्मॅटिक्स युरोपची जी मोहीम चालली, तिची शालेय चौकट २०२२ मध्ये आली. नोव्हेंबर २०२३ मध्ये युरोपीय संघाच्या मंत्री परिषदेने डिजिटल कौशल्यांवर शिफारस केली, तिच्यात शालेय संगणकशास्त्राला स्थान मिळालं.

राजकारणाचं एक सांगायलाच हवं. २०२१ मध्ये स्वित्झर्लंड युरोपीय संशोधन निधीतून बाहेर फेकला गेला. ब्रेक्झिटनंतर ब्रिटनही २०२४ उजाडेपर्यंत त्या निधीच्या 'होरायझन युरोप' कार्यक्रमाबाहेर होता. प्रकल्प थांबले, समन्वयकाची पदं गेली. पण विभागप्रमुखांचं काम चालू राहिलं, कारण ते त्या निधीवर उभंच नव्हतं. झुरिकचे आणि एडिंबराचे लोक त्याच टेबलावर बसत होते. म्हणून मी नेहमी सांगतो, सामंजस्य करारापासून सुरुवात करू नका. करारावर कुलगुरूंची सही होते, फोटो निघतो, आणि सही करणाऱ्याची मुदत संपली की फाइल बंद.

तुमच्याकडे सुरुवात कशी करावी? पाच-सहा विद्यापीठांचे प्रमुख गोळा करा, पुणे, मुंबई, कोल्हापूर, नागपूर, नांदेड, जमलं तर गोवाही. पहिल्या बैठकीत एकच पान ठरवा: मंजूर पदं, भरलेली पदं, विद्यार्थी, पीएचडीचे मार्गदर्शक, बाहेर पडलेले पदवीधर. मोजणीची तारीख सगळ्यांची एकच ठेवा, ३० सप्टेंबर म्हणा, नाहीतर प्रवेश चालू असताना मोजलेला आकडा आणि प्रवेश संपल्यावर मोजलेला आकडा शेजारी येतील. आमच्याकडे जो घोळ पीएचडीवाल्यांचा झाला तोच तुमच्याकडे तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांचा होईल: कुणी त्यांना शिक्षकसंख्येत धरेल, कुणी वगळेल. त्यांचा वेगळा रकाना करा आणि डोकी मोजण्याऐवजी आठवड्याचे तास मोजा, म्हणजे किती पूर्णवेळ पदांचं काम ते ओढताहेत हे दिसेल. दुसऱ्या बैठकीत परिषदांबद्दलचं टिपण घ्या. आणि बैठकीची वाट न बघता आपापल्या परीक्षा विभागाला पत्र द्या, की गुणपत्रिकेच्या मागच्या बाजूला किमान उत्तीर्ण श्रेणी छापावी आणि त्या वर्षी कुठली श्रेणी किती टक्के विद्यार्थ्यांना मिळाली याचा तक्ताही द्यावा. पुढच्या वर्षी अर्ज करणाऱ्या मुलांना तो लगेच वापरता येईल.